पोटमाळ्यावरचा माल : नव्या घरी न्यावा की इथूनच निरोप द्यावा?

पोटमाळेकर (धागालेखक)

गिरगावातील आमची चाळ पुनर्विकासाला जात असून गणपतीनंतर दोन महिन्यांत खोली रिकामी करून द्यायची आहे. नवी इमारत उभी राहीपर्यंत, म्हणजे कागदोपत्री तीन वर्षे, आम्ही बोरिवलीला भाड्याच्या घरात राहणार आहोत. भांडीकुंडी, कपडे आणि देव यांचा प्रश्न घरच्यांनी एका रविवारात सोडवला. माझा प्रश्न पोटमाळ्यावर आहे.

अडतीस वर्षे एका कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागात नोकरी आणि संध्याकाळी घरी रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती, असे आयुष्य गेल्यामुळे तेथे काय काय साठले आहे त्याची यादी मी परवा प्रथमच केली. बिस्किटांच्या ७ पत्र्याच्या डब्यांत रेझिस्टर, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर. एका खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले १४ व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतील काचेच्या निर्वात नळ्या. कृष्णधवल टीव्हीच्या २ चेसिस आणि पिक्चर ट्यूबला उच्च दाब पुरवणारे ५ एलओटी (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर). ट्यूबलाइटचे २२ तांब्याचे चोक. पंख्याच्या ३ मोटारी. मिक्सरचे कार्बन ब्रश, कपलर आणि २ आर्मेचर. शिवणयंत्राच्या बॉबिन केस. खिडकीजवळच्या फळीवर बसवलेला एक व्हाइस (काम पकडून ठेवणारा शिकंजा). आणि तेलकट गोणपाटात बांधलेले इंची टॅप व डाय, म्हणजे नट-बोल्टचे आटे पाडायची हत्यारे.

माझे मत स्पष्ट आहे : हे सर्व न्यावे. गेल्या श्रावणात शेजारच्या वहिनींचा मिक्सर बंद पडला. दुकानदाराने ‘हे मॉडेल बंद झाले, नवा घ्या’ असे सांगून हात झटकले. माझ्याकडे त्या मापाचा कार्बन ब्रश नव्हता, पण त्याहून जाड होता. तो पॉलिश पेपरवर घासून बसता केला आणि वीस मिनिटांत वाटण सुरू झाले. अशा वेळी त्या ब्रशची किंमत दहा रुपये होती की वीस, हा हिशेब मला गैरलागू वाटतो. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, दोन वर्षांपूर्वी पंख्याचा अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर घरात असल्याचे पक्के ठाऊक असूनही तो न सापडल्यामुळे मी लोहार चाळीच्या विद्युत बाजारातून नवा आणला, आणि जुना चार महिन्यांनी चोकांच्या खाली मिळाला.

जाणकारांनी मते मांडावीत. ‘सगळे टाकून द्या’ एवढेच सांगणारी माणसे घरात पुरेशी आहेत, तेव्हा कारणांसह लिहावे ही विनंती.

हिशेबी

काका, आपण कारणे मागितली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. बोरिवलीच्या घराचे मासिक भाडे त्याच्या क्षेत्रफळाने भागा आणि आपला माल जेवढी जमीन अडवेल तेवढ्या चौरस फुटांनी गुणा. जो आकडा येईल तेवढे भाडे दरमहा या डब्यांसाठी जाणार आहे, कारण भाड्याच्या घरात पोटमाळा नसतो. तीन वर्षांचा गुणाकार केल्यावर त्या पैशात किती मिक्सर येतात, ते आपणच पाहावे.

दुसरे असे की, आपण एकत्र बांधलेल्या या वस्तू मुळात एका जातीच्या नाहीत. पंख्याच्या मोटारी आपण आतल्या बेअरिंगसाठी ठेवल्या असतील, तर ६२०२ क्रमांकाच्या बेअरिंगचे आतले माप १५ मिलिमीटर आणि बाहेरचे ३५ मिलिमीटर हे जगभर ठरलेले आहे. ते नागदेवी स्ट्रीटवर आज मिळते, उद्याही मिळेल, आणि कोऱ्या वेष्टनात ग्रीससह मिळेल. जी वस्तू प्रमाणित आहे तिचा साठा बाजार करतो, तो आपण घरात करण्याचे कारण नाही.

तिसरे, काही वस्तू नुसत्या ठेवल्यानेही मरतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला वर्षानुवर्षे व्होल्टेज मिळाले नाही, तर आतील अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर क्षीण होतो, गळती वाढते आणि तो थेट पूर्ण दाबावर जोडल्यास फुगतो किंवा फुटतो. जुने मेणकागदी कपॅसिटर तर मुंबईच्या दमट हवेत डब्यातच निकामी झालेले असतात. रबरी पट्टे डांबरासारखे चिकट होतात. म्हणजे आपण जे जपले आहे असे समजता, त्यातला बराच भाग केव्हाच गेलेला आहे.

आणि ते २२ चोक! चाळीस वॅटची जुनी ट्यूब चोकसह पन्नासहून अधिक वॅट खाते, आणि तेवढाच उजेड एलईडीची पट्टी वीस वॅटच्या आसपास देते. त्या चोकांत आता फक्त तांबे शिल्लक आहे, तेव्हा ते तांब्याच्या भावाने जावेत.

चारसुती

हिशेबींचा हिशेब चुकलेला नाही, पण तो अर्धा आहे. जे बाजारात मिळते ते ठेवू नये, हे मान्य. परंतु जे मिळत नाही त्याचे काय, याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेले नाही.

मी कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढले. काकांनी ज्याचा एका ओळीत उल्लेख केला ते इंची टॅप आणि डाय मला या यादीतील सर्वांत मोलाची वस्तू वाटते. जुन्या ब्रिटिश इंची पद्धतीच्या, म्हणजे व्हिटवर्थ, आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि आजच्या मेट्रिक आट्याचा ६० अंशांचा. आपण ज्याला चार सूत म्हणतो त्या अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टला एका इंचात १२ आटे असतात, तर त्याच जाडीच्या अमेरिकी बोल्टला १३. दोन्ही हातात घेतले तर डोळ्यांना फरक कळत नाही, पहिले दोन-तीन फेरे बसतातही, आणि मग पाना लावून जोर करणारा माणूस पन्नास वर्षांच्या बिडाच्या बॉडीतील आटे कायमचे खातो. विलायती लेथ, गिरणीतील जुनी यंत्रे, छापखान्यातील ट्रेडल हे सगळे या आट्यांवर उभे होते आणि त्यातील काही यंत्रे अजून चालतात. आज नवख्या दुकानदाराकडे चार सुतीचा व्हिटवर्थ टॅप मागितला, तर तो आधी मेट्रिक मापाचा एम १२ काढून पुढे ठेवतो.

ट्रान्झिस्टरबद्दलही तेच. लॅमिंग्टन रोडवर एकेकाळी कुठलाही क्रमांक उच्चारला की काउंटरवर पुडी पडत असे. आता तेथील कितीतरी दुकाने सीसीटीव्ही आणि मोबाइलच्या सामानाकडे वळली आहेत. ज्या पुड्या मिळतात त्यांतही नकली माल असतो. २एन३०५५ सारख्या पॉवर ट्रान्झिस्टरची टोपी कापून पाहिली की आत कण्हेरीच्या बीएवढा सिलिकॉनचा तुकडा निघतो, जो निम्म्या भारालाही टिकत नाही. जुन्या डब्यातला अस्सल नग हा त्यामुळे भंगार नव्हे. आणि काका, व्हॉल्व्ह तपासणे अवघड नाही. काचेच्या आत वरच्या बाजूला जो आरशासारखा चंदेरी डाग असतो तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, नळी संपली. चंदेरी असेल तर निदान निर्वात अजून शाबूत आहे, मग ती नळी चाळीस वर्षे पडून असली तरी हरकत नाही.

थोरली लेक

मी या विषयातील जाणकार नाही, पण या चर्चेत एका पक्षाची साक्ष नोंदवायची राहिली आहे, म्हणून लिहिते. माझे बाबाही काकांसारखेच होते. परळच्या आमच्या घरात त्यांच्या मागे ११ गोण्या निघाल्या. त्यांच्या अक्षरातल्या दोनच प्रकारच्या चिठ्ठ्या डब्यांवर होत्या : ‘चालू’ आणि ‘बघायचे आहे’. दुसऱ्या चिठ्ठीचे डबे पहिल्याच्या तिप्पट होते.

आम्ही दोघी बहिणी आठ दिवस त्या पसाऱ्यात बसलो. कोणता भाग कशाचा, हे सांगू शकणारा एकमेव माणूस गेलेला होता. चारसुती म्हणतात तसे अस्सल ट्रान्झिस्टर त्यात असतीलही. आम्हाला ते आणि जळालेले यांत फरक कळला नाही. शेवटी भंगारवाल्याने तराजू आणला, लोखंड वेगळे, तांबे वेगळे, बाकीचे ‘मिक्स’ म्हणून किलोवर घेतले. बाबांनी कधीतरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला म्हणून कौतुकाने दाखवलेला एक मीटर त्या ‘मिक्स’मध्ये गेला, हे मला पुढच्या खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेची जागा रिकामी दिसली तेव्हा आठवले.

काका, आपण ठेवा किंवा टाका. परंतु जे ठेवाल त्यावर ते काय आहे, कशाला लागते आणि चालू आहे की नाही, एवढे लिहून ठेवा. तेवढा वेळ ज्या वस्तूसाठी द्यावासा वाटणार नाही ती बहुधा आपल्यालाही नको आहे.

सोसायटी सचिव

दोन व्यावहारिक मुद्दे. नव्या इमारतीत जागा पुरली नाही की हा माल हळूहळू जिन्यात, डक्टमध्ये आणि मीटरच्या खोलीत उतरतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. आणि जिना अडलेला असेल तर त्या प्रमाणपत्राचा खोलीत धूर भरल्यावर कुणालाही उपयोग होत नाही.

दुसरे, ‘टाकणे’ म्हणजे कचऱ्याच्या डब्यात टाकणे नव्हे. ट्यूबमध्ये पारा असतो, टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते, आणि तांब्यासाठी कुणी वायरी उघड्यावर जाळल्या तर त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे जाणे अपेक्षित आहे. दारावरच्या भंगारवाल्याला चोक आणि लोखंड द्यायला हरकत नाही. चेसिस आणि पिक्चर ट्यूब देऊ नयेत.

हिशेबी

थोरल्या लेकीने जे लिहिले ते माझ्या भाड्याच्या हिशेबापेक्षा वजनदार आहे, हे कबूल करतो. चारसुतींच्या टॅपलाही माझा विरोध नाही, कारण ते हत्यार आहे आणि हत्यार व सुटा भाग यांत मी फरक करतो : हत्यार दहा कामांना लागते, सुटा भाग एकाच यंत्राला, आणि ते यंत्र जगातून नाहीसे झाले की त्या भागाचे प्रयोजनही संपते. कृष्णधवल टीव्ही आता कुणाच्या घरात चालू आहे? आणि असला, तरी त्यावर कोणते प्रक्षेपण पाहणार? ते ५ एलओटी सांभाळण्यामागे उपयुक्ततेचा युक्तिवाद करू नये. आठवण म्हणून ठेवायचे असतील तर एक ठेवा. पाच कशाला?

चारसुती

हत्यार आणि भाग हा भेद ऐकायला बरा आहे, पण टेबलावर टिकत नाही. काकांनी मिक्सरला बसवलेला ब्रश त्या मिक्सरचा नव्हताच. त्यांनी दुसऱ्याचा भाग कच्चा माल म्हणून वापरला. जुन्या ट्रान्सफॉर्मरची पत्री, मोटारीचा शाफ्ट, चेसिसचे अॅल्युमिनियम, आठ सुतीची एखादी पितळी कांडी यांचे असेच असते. दुरुस्ती करणाऱ्याच्या डब्यात काय आहे, यापेक्षा तो त्याकडे कसा पाहतो, यावर सगळे अवलंबून आहे. एलओटीबाबत मात्र मी गप्प बसतो.

पोटमाळेकर (धागालेखक)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण मी वर चढून बसलो होतो.

१४ पैकी ३ व्हॉल्व्ह पांढरे निघाले. उरलेले ११ नेणार आहे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सर्व काढले. रेझिस्टरच्या आडून हळूहळू व्होल्टेज चढवून त्यांतील काही पुन्हा उभे करता येतात हे मला माहीत आहे, पण सत्तराव्या वर्षी रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी मीटर धरून बसण्याची हौस उरलेली नाही. चोक गेले. पंख्याच्या मोटारीही गेल्या. हिशेबींचा बेअरिंगचा मुद्दा मला खोडता आला नाही. चेसिस सचिवांनी सांगितल्या मार्गाने जातील.

मिक्सरच्या सामानाबाबत मी मागे हटणार नाही. मिक्सर दर घरात आहे, दर काही वर्षांनी त्याचे मॉडेल बंद होते, आणि कार्बन ब्रशला वय नसते. तो डबा माझ्याबरोबर येईल आणि भाड्याचा वाटा मी देईन.

थोरल्या लेकीच्या सूचनेप्रमाणे वही केली. शेजारचा मुलगा आयटीआयला आहे, तो लिहितो आणि मी सांगतो. ४३ नोंदी झाल्या. एके ठिकाणी त्याने ‘हे कशाला लागते?’ असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. ती वस्तू आम्ही दोघांनी मिळून भंगारात टाकली. तेथून पुढे काम वेगाने झाले.

५ एलओटींपैकी ४ द्यायचे आहेत. कुणी जुने संच खरोखर दुरुस्त करत असेल तर घटस्थापनेपूर्वी येथे लिहावे.

राहिला व्हाइस. तो खिडकीच्या फळीला चार चार-सुती बोल्टांनी आवळलेला आहे आणि दोन नट गंजून बसले आहेत. मेट्रिक पाना लावला की घसरतो आणि कोपरे गोल होतात. योग्य मापाचा व्हिटवर्थ पाना माझ्याकडे आहे, वहीत त्याची नोंदही १७ व्या क्रमांकावर आहे, पण तो कोणत्या डब्यात ठेवला हे लिहायचे राहिले आणि दोन दिवस शोधूनही मिळालेला नाही. चारसुती, आपल्याकडे असेल तर येत्या रविवारी गिरगावात येणे जमेल काय?