मदत हवी आहे : जावा ते बाली, आईबाबांसोबत

शेंगदाणा : इंडोनेशिया ठरलंय. योग्यकर्ता, बोरोबुदूर, प्रंबानन, ब्रोमो ज्वालामुखी, शेवटी बाली. प्रश्न एवढाच की ब्रोमोहून बालीला जमिनीवरून जावं की सुराबायाहून विमानाने? एजंट रोज नवा आकडा सांगतोय. आजच बुकिंग करायचंय. 'त्यापेक्षा व्हिएतनाम करा' कृपया नको.

भटकभवानी : महिना कोणता? किती दिवस?

शेंगदाणा : दीडेक आठवडा. विमान की गाडी, तेवढं सांगा ना.

घाटमाथा : विमान अजिबात नको! ब्रोमोजवळच्या प्रोबोलिंगोहून रेल्वेने जावाच्या पूर्व टोकाचं केतापांग बंदर, तिथून फेरीबोटीने गिलिमानुक, तासाभरात बाली. वाटेत इजेन ज्वालामुखी करा, रात्री गंधकाच्या निळ्या ज्वाळा दिसतात.

भटकभवानी : आईबाबांना मध्यरात्री तीन किलोमीटर चढवणार, तेही तोंडाला गॅसचा मास्क लावून? शिवाय गिलिमानुक बालीच्या पार पश्चिम टोकाला. पुढे तीन-चार तास गाडीत. विमानच घ्या.

घाटमाथा : मग ज्वालामुखी घरबसल्या यूट्यूबवरच बघा.

खाऊगल्ली : शाकाहारींनी सांबलपासून, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीपासून, सावध. त्यात तेरासी असते, म्हणजे आंबवलेला जवळा. गाडोगाडो, म्हणजे भाज्यांच्या सॅलडच्या शेंगदाण्याच्या सॉसमध्येही घालतात. टेंपे, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, बिनधास्त खा.

शेंगदाणा : शाकाहारी कोण म्हणालं? बाबांना जवळा पळेल.

जुनाजाणता : प्रंबाननचं शिवमंदिर ४७ मीटर उंच, नवव्या शतकातलं. तिथलं रामायण नृत्य उघड्या रंगमंचावर बघायचं तर मे ते ऑक्टोबर. म्हणून भटकभवानी महिना विचारतायत.

शेंगदाणा : मार्च. पाडव्याला सकाळी बालीत उतरायचं, सुट्टी वाचते.

भटकभवानी : थांबा, पैसे भरू नका! बालीचं वर्षही शकाचं. अधिक महिन्याचा घोळ नसला की त्यांचा न्येपी, म्हणजे नववर्षाचा मौनाचा दिवस, पाडव्याच्या आगेमागेच येतो. त्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास विमानतळ बंद. फेरीबोटीही बंद. रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, पर्यटकांनीसुद्धा. तारीख आधी बघा.

घाटमाथा : उलट आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. संध्याकाळी ओगोह-ओगोहची मिरवणूक असते, राक्षसांचे अवाढव्य पुतळे खांद्यावर नाचवतात. ती चुकवू नका.

शेंगदाणा : तारीख बघितली, नेमकी तीच. आई म्हणते, खोलीत कोंडून घ्यायला बालीपर्यंत कशाला? बाबांना मिरवणूक हवीय. एजंटला हे माहीतच नव्हतं!

खाऊगल्ली : न्येपीला हॉटेलात जेवण मिळतं, पण आदल्या दिवशी विचारून ठेवा.

भटकभवानी : ब्रोमोची एक रात्र कमी करा आणि आदल्या सकाळचं सुराबाया-बाली विमान धरा. घाटमाथा, आता तरी विमान चालेल ना?

घाटमाथा : केतापांगची रेल्वेही आदल्या दिवशी असतेच.