मदत हवी आहे: धर्मादाय संस्थेमागचं सरकार कोर्टात कसं खेचायचं?

नमस्कार मंडळी. एलएलएमच्या प्रबंधात अडकले आहे.

९/११ च्या कुटुंबीयांचा सौदी अरेबियावरचा दावा २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टात फेटाळला गेला. बोस्नियात मदतकार्य करणारं 'सौदी हाय कमिशन' सरकारचंच अंग ठरलं, त्यामुळे परकीय राष्ट्रावर खटला न चालण्याचं संरक्षण त्यालाही मिळालं. पुढे २०१६ मध्ये ओबामांचा नकाराधिकार मोडून (सिनेटमध्ये ९७ विरुद्ध १!) 'जास्टा' (दहशतवादाच्या पाठीराख्यांवर दावा करू देणारा अमेरिकी कायदा) आला. आता सरकारचं कृत्य कुठेही घडलेलं चालतं, पण हानी अमेरिकेच्या भूमीवर हवी आणि नुसता निष्काळजीपणा पुरत नाही.

माझी अडचण अशी: संस्था सरकारचंच अंग, हा जुना निष्कर्ष आता वादीच्या कामी येतो का? की संस्थेचा पैसा दहशतवाद्यांकडे जातोय हे सरकारी अधिकाऱ्याला ठाऊक होतं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं?

दुसरं, २६/११ मुंबईत घडलं, म्हणजे 'जास्टा' लागू नाही; त्याच्या पीडितांनी न्यूयॉर्कमध्ये केलेल्या खटल्यात आयएसआयलाही संरक्षण मिळालं. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ खाली परकीय राष्ट्रावर दावा करायला केंद्राची संमती लागते. ती नाकारली तर रिट करता येते का? आपल्या शहरातल्या पीडितांना कुठलंच दार उघडं नसावं, हे मला पटत नाही. निकालांची नावं सुचवा, प्लीज.