नवा माणूस ठेवायची घाई नको. पटतंय का?

शिलकी_हिशेब (धागाकर्ता)

छोट्या धंद्यात चार ऑर्डरी जास्त आल्या की ज्याला त्याला एकच सल्ला सुचतो: "माणूस ठेव, एकटा किती ओढशील?" माझं मत उलटं आहे. जमेल तितकं लांबवा. सल्ला देणाऱ्याला पगार द्यायचा नसतो.

साधा हिशेब मांडतो. पगार १०० धरा. त्यावर विमा, भरपगारी सुट्ट्या, बसायची जागा, हत्यारं किंवा संगणक, शिकवण्यात जाणारा वेळ हे सगळं घातलं की खर्च सव्वाशेच्या खाली राहत नाही. आता तुमचा ढोबळ नफा (विक्रीतून त्या मालाचा-कामाचा थेट खर्च वजा जाता उरतं ते) विक्रीच्या ४० टक्के असेल, तर १२५ वसूल व्हायला साधारण ३१२ ची जास्तीची विक्री लागते. म्हणजे पगाराच्या तिप्पट विक्री केली तेव्हा कुठे बरोबरीत आलो. नफ्याचं नाव अजून काढलेलंच नाही. बहुतेक जण "पगाराएवढं काम तर आहेच की" असं म्हणून माणूस घेतात आणि मग वर्षभर पैसे जातात कुठे ते शोधत बसतात.

दुसरं, विक्री झाली म्हणजे पैसे आले असं नाही. ग्राहक दोन महिन्यांनी पैसे देणार आणि पगार दर महिन्याला जाणार. जेपी मॉर्गन चेस इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या धंद्यांची बँकखाती तपासली होती. येणं पूर्ण थांबलं तर हातातल्या रोख रकमेवर मधला धंदा २७ दिवस तग धरेल, असं त्यात दिसलं. निम्म्यांची मजल त्याहूनही कमी. एक पगारसुद्धा धड निघत नाही!

माझा नियम असा: जे काम नाकारावं लागलं ते वहीत लिहायचं. सलग सहा महिने त्या नाकारलेल्या कामातून पगाराच्या तिप्पट विक्री होऊ शकली असती असं दिसलं, आणि सहा पगार बाजूला काढलेले असले, तरच जाहिरात द्यायची. तोवर भाव वाढवा, नको ती कामं सोडा, यंत्रावर भागतंय का बघा.

रांगेतला_शेवटचा

हिशेब बरोबर आहे, पण अर्धा. माणूस ठेवल्याचा खर्च तुम्ही मोजलात, न ठेवल्याचा खर्च "नाकारलेलं काम" एवढ्यावरच संपवलात. जे ग्राहक वाट बघून न सांगता निघून गेले ते वहीत कुठून येणार?

रांगेचं गणित बघा. कामं आपल्या मर्जीने येत नाहीत, कधी तीन एकदम येतात, कधी दिवसभर काहीच नाही. अशा वेळी एकच माणूस काम करत असेल आणि त्याचा ८० टक्के वेळ भरलेला असेल, तर सोप्या सूत्राप्रमाणे प्रत्येक ग्राहकाला आपला नंबर लागेपर्यंत एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या सरासरी ४ पट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९ पट. ९५ टक्क्यांना १९ पट. तुम्हाला वाटतं आपण फक्त पाच टक्क्यांनी जास्त राबलो, ग्राहकाचं थांबणं मात्र दुपटीच्या वर गेलं.

आणि आता त्याच कामाला दुसरा तितकाच तयार माणूस लावा. ९ पट थांबणं खाली येतं ते निम्म्यावर नाही, एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या साधारण पाव पटीवर येतं. सहा महिने वहीत नोंदी करत बसलात तर तुमचे चांगले ग्राहक पहिल्या दोन महिन्यांतच दुसरीकडे गेलेले असतील. मग सातव्या महिन्यात वही म्हणेल, "बघा, काम कमीच झालंय, बरं झालं माणूस ठेवला नाही."

शिलकी_हिशेब

शेवटच्या वाक्याला दाद. पण त्याच गणितात तुमची दोन्ही माणसं निम्म्याहून जास्त वेळ रिकामी बसलेली आहेत. त्या रिकाम्या वेळाचा पगार कोण देतं तेही लिहा की.

शिवाय ते सूत्र कामं वाटेल तशी येतात असं धरून चालतं. मी वेळ ठरवून काम घेतो, गर्दीच्या दिवसांचा भाव वेगळा लावतो. रांग ही काही निसर्गाची देणगी नाही.

भावाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या उपायाकडे कोणी बघतच नाही. १०० च्या विक्रीत ४० उरतात असं धरू. भाव १० टक्क्यांनी वाढवला तर ५० उरतात. आता वीस टक्के ग्राहक निघून गेले तरी ढोबळ नफा तेवढाच राहतो आणि काम मात्र पाचव्या हिश्श्याने कमी होतं. ज्याच्याकडे रांग लागलीये त्याचा भाव कमी आहे, इतकं सरळ आहे हे. माणूस ठेवण्याआधी निदान एकदा तरी भाव वाढवून पाहिलेला असावा.

कात्री_आणि_टेप

दादा, भाव वाढवल्यावर कोणते वीस टक्के जातात ते आपल्या हातात नसतं. माझा शिवणकामाचा धंदा आहे. भाव वाढला की घासाघीस करणारे जात नाहीत, ते भांडून राहतात. गुपचूप जातात ते वर्षानुवर्षं येणारे, ज्यांना भांडायचा संकोच वाटतो.

पण मला दुसरंच म्हणायचंय. तुम्ही दोघंही "आपल्यासारखाच आणखी एक" ठेवायचा की नाही यावर भांडताय. का म्हणून? माझ्या दिवसाचा मोठा भाग बेतण्या-कापण्यात जात नाही. फोन उचलणं, बिलं करणं, अडकलेल्या पैशांसाठी मागे लागणं, काजं-बटणं, इस्त्री, घड्या यात जातो. यातल्या कशालाच माझाच हात हवा असं नाही. मी दिवसाचे चार तास येणारी बाई ठेवली ती या कामांना. कापण्याचा वेळ वाढला आणि वसुलीही वेळेवर व्हायला लागली, कारण ती दर सोमवारी न चुकता फोन करते. मला ते कधीच जमलं नसतं, मला पैसे मागायची लाज वाटते.

तुमच्या हिशेबात ही बाई एक पैशाचीही विक्री करत नाही. म्हणजे तुमच्या नियमाने ती कधीच ठेवायची नाही.

एकला_चालो

व्हॉट्सॲप विकलं गेलं २०१४ मध्ये, १९ अब्ज डॉलरला. तेव्हा कर्मचारी किती होते माहितीये? पन्नास-पंचावन्न. विषय संपला.

कात्री_आणि_टेप

हो का? मग त्यांना सांगा की दहा ब्लाउज शिवून द्यायला. त्यांचा एक ग्राहक वाढला तर खर्च जवळपास शून्याने वाढतो, माझा एक वाढला तर माझे दोन तास जातात. शिवाय त्यांच्यामागे सिकोयासारखी गुंतवणूक कंपनी होती. एकट्याने तग धरणं आणि दुसऱ्याच्या पैशावर कमी माणसं ठेवणं यात काही फरक आहे की नाही?

माजी_पहिली_नोकर

इथे सगळे मालकच दिसताहेत, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. मी एका छोट्या डिझाइन स्टुडिओत पहिली आणि बराच काळ एकमेव नोकर होते.

"जमेल तितकं लांबवा" याचा अर्थ नवा माणूस येतो तेव्हा मालक पुरता थकलेला असतो. कामं त्याच्या डोक्यात, कागदावर काहीच नाही, शिकवायला वेळ नाही. पहिले कितीतरी आठवडे मी "आत्ता काय करू?" असं विचारायला घाबरत होते, कारण विचारलं की सुस्कारा ऐकू यायचा. मी केलेलं काम रात्री परत केलं जायचं. मग निष्कर्ष ठरलेलाच: "माणसं काही कामाची नसतात, आपणच केलेलं बरं." लांबवल्यामुळे जो वेळ नव्हता, त्या नसलेल्या वेळेचं खापर माझ्यावर!

आधीच उशीर झालेल्या कामात नवी माणसं घातली की ते आणखी उशिरा होतं, हा ब्रुक्सचा नियम सॉफ्टवेअरवाल्यांना १९७५ पासून माहीत आहे. कारण तेच. जाणत्या माणसाचा वेळ नव्याला समजावण्यात जातो. त्यामुळे नवा माणूस काम ऐरणीवर यायच्या आधी यावा लागतो, नंतर नाही.

शिलकी_हिशेब

ताई, मुद्दा मान्य. पण आधी घेतला आणि काम आलंच नाही, तर काय? नोकरी जाते ती माणसाचीच ना? २०२२ मध्ये शॉपिफाय या ऑनलाइन दुकानं उभारून देणाऱ्या कंपनीने सुमारे दहा टक्के लोक कमी केले. महामारीत वाढलेली ऑनलाइन खरेदी तशीच टिकेल हा आपला अंदाज फसला, असं खुद्द प्रमुखाने लिहून कळवलं. एवढ्या मोठ्या कंपनीला मागणीचा अंदाज आला नाही, मला कुठून येणार? म्हणून मी म्हणतो, उशिरा घ्या, पण घेतलेला काढावा लागणार नाही असा घ्या.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची लिंकन इलेक्ट्रिक कंपनी वेल्डिंगची यंत्रं बनवते. मंदी आली म्हणून कायम कामगाराला काढायचं नाही, असं त्यांनी १९५८ पासून लेखी धोरण ठेवलं. त्याची दुसरी बाजू अशी की तेजीत ते भराभर भरती करत नव्हते, आहेत त्यांनाच ओव्हरटाइम द्यायचे. १९८० च्या दशकातल्या मंदीत तर कारखान्यातल्या काही कामगारांना विक्रीला पाठवलं. तेजीत हात आखडता ठेवला म्हणून मंदीत शब्द पाळता आला.

माजी_पहिली_नोकर

उदाहरण चांगलं आहे, पण त्यात ओव्हरटाइमचे पैसे मिळतात. छोट्या धंद्यात "कुटुंबासारखे आहोत" मिळतं.

आणि मग टोयोटाचंही घ्या, कारण काटकसरीने धंदा चालवायचा म्हटलं की लोक त्यांचंच नाव घेतात. २००८ मध्ये मागणी कोसळली तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या टेक्सास आणि इंडियानातलं उत्पादन सुमारे तीन महिने थांबवलं, पण कायम कामगारांना काढलं नाही. पगार देऊन प्रशिक्षण आणि देखभालीची कामं करून घेतली. त्यांच्या पद्धतीत वाया जाणारं काम कापतात. माणूस कापणं म्हणजे काटकसर ही समजूत बाकीच्यांनी करून घेतली.

रांगेतला_शेवटचा

ओव्हरटाइमवरून आठवलं. धागाकर्ते "आणखी थोडं आपणच ओढा" म्हणतात तेव्हा मालकाचा तास फुकट धरतात. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदींवर जॉन पेन्कॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने काम केलंय. आठवड्याला साधारण ५० तासांपुढे प्रत्येक जादा तासाचं उत्पादन घसरत जातं आणि ७० तास काम करणाऱ्याचं एकूण उत्पादन ५६ तासवाल्यापेक्षा फारसं जास्त निघत नाही. म्हणजे १४ तास जवळजवळ पाण्यात. मालक म्हणून आपण ७० तास अभिमानाने सांगतो. त्यातले शेवटचे तास आपण बहुतेक स्वतःच्याच चुका निस्तरत असतो.

पानवाचक

नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो. बाहेरून काम करून घेण्याबद्दल कोणीच बोललं नाही? सुट्या कामाला सुटा माणूस. पगार नाही, विमा नाही, काम संपलं की तो मोकळा, आपण मोकळे.

कात्री_आणि_टेप

केलंय. वर्षातून दोनदा येणाऱ्या कामाला उत्तम. रोजच्या कामाला नाही. दर वेळी नवीन माणसाला तेच समजावायचं, भाव ठरवायचा, माल तपासायचा, तो ऐन गर्दीत दुसऱ्याकडे अडकलेला असतो ते वेगळंच. रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये हेच मांडलं होतं ना, की बाजारातून प्रत्येक काम करून घेण्यालाही खर्च असतो, म्हणून तर कंपन्या असतात? (मुलगी अर्थशास्त्र शिकतेय, तिच्याकडून ऐकलं.) एकच गोष्ट परत परत समजावावी लागायला लागली की मी समजते, इथे आता घरचा माणूस हवा.

शिलकी_हिशेब

कात्रीताई, तुमच्या चार तासांच्या बाईंना माझा नियम लागू होत नाही हे कबूल. तिथे विक्री बघायची नाही, सुटलेले तास बघायचे. तिच्यामुळे तुमचे कापायचे जेवढे तास वाढले त्या तासांना खरंच गिऱ्हाईक आहे ना, एवढंच तपासायचं. नसेल तर तुम्ही पगार देऊन विश्रांती विकत घेतलीत. तेही वाईट नाही, पण मग तो खर्च घरखर्चात लिहा.

पूर्ण वेळाच्या, कसबाच्या माणसासाठी मात्र वही आणि सहा पगार सोडणार नाही.

रांगेतला_शेवटचा

वहीत "नाकारलेलं" शेजारी "चौकशी करून परत न आलेलं" असा रकाना घाला, मग वही मान्य. सहा महिन्यांऐवजी तीन. आणि पगारही तीनच पुरेत. सहा साठेपर्यंत बसलात तर म्हातारे व्हाल.

शिलकी_हिशेब

रकाना घालतो. तुमचं काम आगाऊ पैसे घेऊन चालतं का?

रांगेतला_शेवटचा

निम्मे आधी, निम्मे माल नेताना.

शिलकी_हिशेब

म्हणून तीन म्हणताय. माझे ग्राहक साठ दिवसांनी देतात, एखादा नव्वद लावतो. नव्या माणसाच्या पहिल्या महिन्याच्या कामाचे पैसे हातात येईपर्यंत मी तीन-चार पगार दिलेले असतात, तेही तो पहिल्या दिवसापासून पूर्ण काम करतोय असं धरून. आणि ताईंनी वर लिहिलंय तसं, तो करत नसतो. मला सहाच लागतील.

कात्री_आणि_टेप

सोमवारी फोन करणारी कोणीतरी ठेवा, चारवर याल.