सेकंडहँड एअर फोर्क बसवावा की आहे तोच चालवावा?

पायवाट:

माझी २९ इंची चाकांची ॲल्युमिनियमची हार्डटेल सायकल आहे (सस्पेन्शन फक्त पुढे). पुढे सायकलीसोबत आलेला कॉइल स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, दबणारा काटा), १०० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबतो. माझं वजन ५६ किलो, आणि सगळं दुखणं तिथेच असावं. स्टॅन्शनवर (फोर्कच्या वरच्या, आत सरकणाऱ्या नळीवर) केबल टाय सैलसा बांधून पाहिला. दगडधोंड्यांच्या उतारावरसुद्धा तो ५५ मिमीच्या पुढे सरकत नाही. म्हणजे निम्मा फोर्क नुसता शोभेला. लांब उतार संपला की तळहात बधिर होतात.

आता एक वापरलेला रॉकशॉक्स रीबा मिळतोय, स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा एअर फोर्क. २९ इंची, १२० मिमी, टेपर्ड स्टिअरर (फोर्कची वर हँडलकडे जाणारी नळी, खाली रुंद होत जाणारी), थ्रू ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड दांडा). स्टिअरर १७८ मिमी उरलाय. सर्व्हिस कधी केली ते विकणाऱ्याला आठवत नाही, पण "मक्खन चालतो" म्हणतो. माझ्या फोर्कचा स्टिअरर सरळ आहे आणि चाक साध्या क्विक रिलीजचं (बारीक दांडा, खटक्याने आवळायचा). हेडट्यूबची (फ्रेमच्या ज्या नळीत स्टिअरर बसतो तिची) लांबी १२० मिमी. घ्यावा का? की या पैशांत दुसरं काही करावं?

मंदगती:

घेऊन टाका! कॉइलवरून एअरवर गेलात की परत मागे बघणार नाही. वजनाप्रमाणे हवा भरायची, विषय संपला.

स्पोकवाला:

मंदगती, विषय संपला कसा? अजून सुरूही झालेला नाही. तो फोर्क त्यांच्या सायकलीला बसतो का, हे कुणी पाहिलंय?

पायवाट, आधी हेडट्यूब. हेडसेटचा (हेडट्यूबमधल्या बेअरिंगचा) खालचा कप काढून आतला व्यास मोजा. तो ४४ मिमी असेल तर खाली बाहेरच्या बाजूने बसणारा कप मिळतो आणि टेपर्ड फोर्क बसतो. ३४ मिमी असेल तर टेपर्ड विसरा, त्याला काहीही जुगाड नाही.

४४ निघाली असं धरू. मग स्टिअररची लांबी. १२० ची हेडट्यूब, खालचा नवा कप साधारण १२, वरचं कव्हर ९, स्टेमची (हँडल धरणाऱ्या तुकड्याची) उंची ४० असेल तर एकूण १८१. स्टेमच्या कडेपासून स्टिअरर दोन-तीन मिमी खाली राहावाच लागतो, नाहीतर वरची कॅप बेअरिंग आवळू शकत नाही. म्हणजे १७८ अगदी काठावर बसतो, एकही स्पेसर न लावता. हँडल त्यामुळे खाली जाईल ही भीती नको. १२ चा कप आणि २० मिमी जास्तीचा ट्रॅव्हल मिळून पुढची बाजू तशीही वर उचलली जाणार आहे. हेड अँगल (हेडट्यूबचा कल) साधारण दीड अंशाने सैल, म्हणजे जास्त तिरका होईल. उतारावर ते बरं वाटतं, चढावर पुढचं चाक भरकटतं. फ्रेम किती ट्रॅव्हलपर्यंत चालते ते कंपनीच्या कागदात बघा. १०० च लिहिलं असेल तर मी १२० घालणार नाही, हेडट्यूबच्या जोडावरचा ताण वाढतो.

आता चाक, आणि खरा खर्च इथेच लपलाय. थ्रू ॲक्सल १५ x १०० आहे की १५ x ११० बूस्ट, ते विचारा (दांड्याची जाडी x हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदी, मिमीत). काही हबना नुसत्या टोकाच्या एंड कॅप बदलून १५ x १०० करता येतं. पण सुट्या गोळ्यांचा, कोनवाला हब असेल तर तो क्विक रिलीजचाच राहणार. मग नवा हब, नव्या तारा, नाहीतर अख्खं चाक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

हे सगळं जमलं तरच फोर्कची तब्येत बघायची. "मक्खन चालतो" याला काही अर्थ नाही, दुकानात उभं राहून दाबला तर कुठलाही फोर्क मक्खनच चालतो. स्टॅन्शनवरून नख फिरवा, विशेषतः मागच्या बाजूने, फोटोत ती बाजू कधीच येत नाही. नख अडलं किंवा काळा थर जाऊन चंदेरी पट्टा दिसला तर नमस्कार करून निघा. सील, तेल, फोमच्या रिंगा, सगळं बदलता येतं. स्टॅन्शनचा थर गेला की क्राउनसकट (दोन्ही स्टॅन्शन वर जोडणाऱ्या तुकड्यासकट) वरचा सगळा भाग बदलावा लागतो, आणि तो घेण्यापेक्षा दुसरा फोर्क परवडतो.

मग पुढचा ब्रेक दाबून, सील आणि स्टॅन्शनच्या सांध्यावर बोट ठेवून सायकल मागेपुढे हलवा. बोटाला खटखट लागली तर बुशिंग (स्टॅन्शनला आतून आधार देणारी रिंग) सैल. क्राउनमधून कट्‌कट् आवाज आला तर तोही आवळून जाणारा रोग नाही. लॉकआउट (फोर्क आखडून ठेवणारा खटका) लावल्यावरही फोर्क मुकाट्याने खाली बसत असेल तर डॅम्पर (फोर्कची हालचाल आवरणारा भाग) गेला. हवा भरून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी पंप जोडताना थोडी हवा पंपाच्या नळीत शिरते, त्यामुळे काटा थोडा खाली दिसणारच. ती गळती नव्हे. आकडा निम्म्यावर आला असेल तर मात्र सील गेलंय.

एक गोष्ट तुमच्या वजनासाठी मुद्दाम. ५६ किलोला हवा कमी भरावी लागते, त्यामुळे सुकलेल्या सीलचं घर्षण ऐंशी किलोच्या माणसाला जाणवणारही नाही ते तुम्हाला हातात जाणवेल. रॉकशॉक्स खालच्या पायांची (स्टॅन्शन ज्यात सरकतात त्या नळ्यांची) सर्व्हिस ५० तासांनी करायला सांगते. ज्याला शेवटची सर्व्हिस आठवत नाही, त्याच्या फोर्कच्या किमतीत सील किट आणि तेल धरूनच भाव करा.

चिखल्या:

तळहात बधिर होतायत तर आधी टायरची हवा बघा की. ५६ किलोला कित्येक जण उगाच ४० पीएसआय मारून फिरतात. शिवाय काही कॉइल फोर्कना मऊ स्प्रिंग वेगळी मिळते, तीही विचारून बघा.

स्पोकवाला:

चिखल्याचं बरोबर आहे, हे दोन्ही आधी करून बघा, खर्च नगण्य. फक्त टायरने बारीक खडखड जाते, ५५ वर अडलेला ट्रॅव्हल त्याने ८० होत नाही.

पायवाट:

सगळ्यांचे आभार. मोजमाप झालं. हेडट्यूब वर-खाली ४४ मिमी, म्हणजे तिथे पास. पण रीबा बूस्टचा निघाला आणि माझा हब कोनवाला, सुट्या गोळ्यांचा. चाकासकट हिशोब मांडला तर नवा फोर्कच येतो, म्हणून विकणाऱ्याला नकार कळवला. मऊ स्प्रिंग माझ्या मॉडेलला मिळत नाही. टायर ३६ वर होते, २४ वर आणले. हातांना बराच आराम आहे, केबल टाय मात्र जागचा हलत नाही.

दरम्यान एक रेकॉन सिल्व्हर फोर्क दिसलाय, एअर, १०० मिमी, सरळ स्टिअरर, क्विक रिलीज. स्टिअरर १९० मिमी. यात काही खोट दिसते का?

स्पोकवाला:

हा तुमच्या सायकलीचा फोर्क. बाहेरचा कप लागणार नाही, त्यामुळे १७२ च्या आसपास पुरतात, वर स्पेसरला जागा उरते. क्राउन रेस (स्टिअररच्या बुडाशी, बेअरिंगखाली बसणारी रिंग) तुमच्या जुन्या फोर्कवरची काढून यावर बसवा, पातळ पात्याने हळूहळू सगळीकडून उचला, एकाच बाजूने ठोकू नका. भूमिती जशीच्या तशी राहील.

फक्त स्टॅन्शनच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा, उन्हात काढलेला. आणि क्राउनपासून सीलपर्यंत उघडी नळी किती दिसते ते टेपने मोजून मागा. १०० पेक्षा कमी भरली तर हवा असूनही फोर्क आत ओढला जातोय, आणि एअर स्प्रिंग उघडावीच लागेल. तेवढं कळल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.