नवापूरला गुड फ्रायडेला कोणता सिनेमा लावावा?

एकाने विचारलंय, नवापूरला गुड फ्रायडेला चर्चच्या आवारात येशूच्या छळावरचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (२००४) लावावा का? माझं मत, नको. फटके आणि रक्त इतकं, की पोरं घाबरतात आणि मोठी माणसं नंतरच्या चर्चेत गप्प बसतात. दुःख दिसतं, पण 'का' हा प्रश्न बाजूलाच राहतो.

स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा 'विंटर लाइट' (१९६३) घ्या. कृष्णधवल, जेमतेम ८१ मिनिटांचा. अणुबॉम्बच्या धास्तीने खचलेला कोळी पाळकाकडे येतो, आणि पाळक धीर द्यायचं सोडून स्वतःचीच आटलेली श्रद्धा उगाळत बसतो. शेवटाकडे दुखण्याने पिचलेला चर्चचा सेवक विचारतो: ख्रिस्ताला खिळ्यांपेक्षा शिष्यांचं झोपून जाणं आणि देवाचं मौन जास्त झोंबलं नसेल का? चर्चा याच प्रसंगावरून सुरू करा, हवं तर मावची किंवा अहिराणी या तिकडच्या बोलींत.

मराठी सबटायटल स्वतः करावी लागतील. फाइल यूटीएफ-८ मध्येच (अक्षरं साठवायची पद्धत) साठवा, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं येतात. पेन ड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावू नका, त्यात बऱ्याचदा जोडाक्षरं फुटतात. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर बरं. सिनेमाच्या प्रतीचा वेग सेकंदाला २५ फ्रेमचा आणि सबटायटल २४ ची असली, तर शेवटी तीन-साडेतीन मिनिटांचा फरक पडतो. नुसतं मागेपुढे सरकवून तो जात नाही, सबटायटलचा वेगच बदलावा लागतो.

आणि एप्रिलात उघड्यावर साडेसातच्या आत पडदा लावू नका. हा सिनेमा करड्या छटांचा आहे, संधिप्रकाशात चेहरेच दिसणार नाहीत.