बेंगल्सची लाइन आणि बरोचा अंगठा

मेसनकर
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी,

काल कोजागिरीचं दूध आटवायचं काम माझ्याकडे होतं. एका हातात डाव, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर आपल्या सिनसिनाटी बेंगल्सचा अमेरिकन फुटबॉलचा सामना. केशर घालायची वेळ झाली तोवर आपल्या बदली क्वार्टरबॅक ब्राउनिंगची तीन इंटरसेप्शन्स झाली होती, म्हणजे त्याचे तीन पास समोरच्यांनी झेलले होते. फोन खिशात टाकला तो घरी जाईपर्यंत काढला नाही. डेट्रॉइटकडून ३७–२४ ने हरलो. त्याआधी मिनेसोटाकडून ४८–१०, डेन्व्हरकडून २८–३. आपला मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, जो बरो जखमी होऊन बाहेर बसल्यापासून सलग तीन आठवडे हे चाललंय.

मी ब्राउनिंगला बोल लावत नाही. बॅकअप म्हणून घेतलेल्या माणसाकडून बरोसारखा खेळ मागणं चूक आहे. माझा राग लाइनवर, म्हणजे क्वार्टरबॅकला समोरच्यांपासून वाचवणाऱ्या फळीवर आहे, आणि तो आजचा नाही. हिशोबच मांडतो. २०२० मध्ये बरो दहा सामने खेळला, त्यात ३२ सॅक (पास सुटायच्या आधीच समोरच्यांनी आडवा पाडणं), आणि वॉशिंग्टनच्या सामन्यात डावा गुडघा गेला. २०२१ मध्ये प्लेऑफ (बाद फेरी) धरून ७०. टेनेसीत एकाच सामन्यात नऊ, सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सात. गेल्या वर्षी ४८. माणूस आहे की मल्लखांबाचा खांब?

२०२१ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पाचव्या क्रमांकावर आपण जमार चेस घेतला. पेनेई सीवेल तेव्हा शिल्लक होता. दोनच जागांनंतर डेट्रॉइट लायन्सनी त्याला उचललं. आपण टॅकल (लाइनमधला रक्षक) सोडून रिसीव्हर (पास झेलणारा) घेतला. पासिंगचं वेड लागलं की पास फेकणाऱ्याला सांभाळायचं राहून जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

– मेसनकर


केंटकीकर
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

दादा,

राग कळतो, पण निदान पटत नाही. चेस नको होता असं तुम्हाला खरंच म्हणायचंय? गेल्या वर्षी त्याने १२७ झेल, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाउन्स केले. तिन्हींत लीगमध्ये पहिला. बरोचे ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन्स, तेही लीगमध्ये सर्वांत जास्त. पासिंग याहून चांगलं काय असतं?

आणि तरीही नऊ विजय, आठ पराभव, प्लेऑफ नाही. का? वॉशिंग्टनविरुद्ध ३३ गुण केले, हरलो. बॉल्टिमोरविरुद्ध ३८ केले, हरलो. पुन्हा बॉल्टिमोरविरुद्ध ३४, हरलो. पिट्सबर्गविरुद्ध ३८, तरी हरलो. चार सामन्यांत तेहतीस किंवा त्याहून जास्त गुण करून हरणाऱ्या संघाचं दुखणं ऑफेन्समध्ये नसतं, डिफेन्समध्ये असतं. डिफेन्समधल्या ट्रे हेन्ड्रिक्सनने एकट्याने १७.५ सॅक काढले म्हणून अब्रू थोडी तरी राहिली.

लाइनकडे दुर्लक्ष केलं हेही खरं नाही. २०२२ मध्ये तीन नवी माणसं आणली, २०२३ मध्ये ऑर्लँडो ब्राउन, २०२४ मध्ये पहिल्या फेरीत अमेरियस मिम्स. पैसे घातले आहेत. फळ आलं नाही हा वेगळा प्रश्न.

पास कमी करा म्हणणं म्हणजे हापूसच्या बागेत भोपळे लावा म्हणण्यासारखं आहे.

– केंटकीकर


वेस्टचेस्टरकर
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

दोघांनाही नमस्कार.

मी इथे फार लिहीत नाही, पण दुखापतीचा विषय निघालाय म्हणून लिहिते. वीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे, आणि १४ सप्टेंबरला जॅक्सनव्हिलच्या सामन्याला आम्ही चौघं स्टेडियममध्ये होतो.

दुसरं क्वार्टर चालू होतं. सॅक झाला, माणसं उठली, बरो उठला नाही. तो पाय कसा धरतो तेवढंच मी बघत होते. गुडघा धरला नाही, घोटा धरला नाही, हात थेट बुटाच्या पुढच्या टोकाकडे गेला. शेजारी मुलगा विचारत होता, "आई, परत येईल ना?" मी उत्तर दिलं नाही. बरो लंगडत डॉक्टरांच्या तंबूकडे गेला तेव्हा साठ हजारांच्या वर माणसं असलेल्या त्या जागेत मागच्या रांगेतल्या बाईच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या.

याला टर्फ टो म्हणतात. नाव ऐकून लोकांना वाटतं, अंगठा तर दुखावलाय, पट्टी बांधून खेळेल. तसं नाही. टाच वर उचललेली, अंगठा जमिनीत रुतलेला आणि वरून कुणाचं तरी वजन येतं. अंगठा गरजेपेक्षा जास्त मागे वाकतो आणि त्याच्या मुळाशी सांध्याला खालून धरून ठेवणारी जाड पट्टी ताणते. पहिल्या प्रतीत नुसती ताणते, दुसरीत अर्धवट फाटते, तिसरीत पूर्ण फाटते. बरोची तिसऱ्या प्रतीची होती, म्हणून शस्त्रक्रिया आणि किमान तीन महिने. हे नाव १९७६ मध्ये शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या डॉक्टरांनी पाडलं, कृत्रिम गवतावर खेळणाऱ्या मुलांचे अंगठे बघून. आपल्या स्टेडियममध्येही कृत्रिमच गवत आहे.

मिरजेला शिकत होते तेव्हा कबड्डीची मुलं यायची. चढाई करणाऱ्याचा अंगठा गेला की त्याला मध्यरेषेकडे झेपच घेता यायची नाही. मांड्या लोखंडासारख्या असून उपयोग नसायचा. क्वार्टरबॅकचंही तसंच. उजव्या हाताने फेकणाऱ्याचं सगळं वजन फेकताना शेवटी डाव्या पायावर येतं, आणि बरोचा डावाच अंगठा गेला आहे.

मेसनकर, तुमचा हिशोब निम्मा बरोबर आहे. गुडघा आणि अंगठा सॅकच्या खात्यावर टाका. पण २०२३ च्या जुलैत त्याची पोटरी धरली ती सरावात, कुणाचा धक्का न लागता. प्रत्येक दुखापतीला लाइनचं नाव देऊ नका. ज्यांना देता येतं तेवढ्यांनाच द्या, म्हणजे तुमचं म्हणणं जास्त टिकेल.

– वेस्टचेस्टरकर


केंटकीकर
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळ

बातमी बघितलीत का? क्लीव्हलंडकडून जो फ्लॅको आणला! आपल्याच डिव्हिजनमधून, म्हणजे गटातून! चाळीस वर्षांचा आहे. बॉल्टिमोरला सुपर बोल जिंकून देऊन एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला होता, पण ते २०१३ च्या फेब्रुवारीत. ताई, चाळिशीच्या सांध्यांचं काय मत?


ब्लूॲशकर
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

प्रिय मंडळी,

तुम्ही मुलं भांडताय ते वाचून बरं वाटलं. १९७९ मध्ये मी इथे युनिव्हर्सिटीत आलो तेव्हा बेंगल्सबद्दल मराठीत बोलायला एक माणूस नव्हता. १९८२ च्या जानेवारीत सॅन दिएगोला आपण हाडं गोठवणाऱ्या थंडीत २७–७ ने हरवलं, तेव्हा मी वसतिगृहात एकटाच ओरडलो होतो. आता वाद घालायला इतकी घरं आहेत.

मला वाटतं तुम्ही दोघंही एकच गोष्ट दोन टोकांनी धरून ओढताय. म्हणून एक जुनी हकिगत सांगतो.

१९६९ मध्ये बेंगल्सकडे ग्रेग कुक हा क्वार्टरबॅक आला. आपल्याच युनिव्हर्सिटीचा मुलगा. बेंगल्स तेव्हा युनिव्हर्सिटीच्या निपर्ट मैदानावरच खेळायचे, म्हणजे कॉलेजात ज्या मैदानावर नाव काढलं त्याच मैदानावर तो व्यावसायिक झाला. चेंडू लांब फेकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आमच्या प्रयोगशाळेतला एक म्हातारा टेक्निशियन त्याचं वर्णन करताना हातातलं काम खाली ठेवायचा. तिसऱ्याच सामन्यात, कॅन्सस सिटीविरुद्ध, कुकचा खांदा दुखावला. आत स्नायू फाटला होता, पण त्या काळी ते नीट कळलं नाही, आणि तो तसाच वर्षभर फेकत राहिला. पुढे शस्त्रक्रिया झाल्या. १९७३ मध्ये एक सामना खेळला, आणि संपलं.

पासिंग शिकवायला तेव्हा बिल वॉल्श होता, मुख्य प्रशिक्षक पॉल ब्राउनचा मदतनीस. कुक गेल्यावर त्याच्या हाती आला व्हर्जिल कार्टर. हात बेताचा, लांबचं फेकणं जमायचं नाही, पण नेम पक्का आणि डोकं तल्लख. वॉल्श रडत बसला नाही. त्याने पासच आखूड केले. क्वार्टरबॅकने तीन पावलं मागे जायचं आणि चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. उंच, खोल फेकण्याऐवजी मैदान आडवं ताणायचं. १९७० मध्ये सुरुवात १–६ अशी झाली होती, तरी आपण ८–६ करून डिव्हिजन जिंकली. संघाचं तिसरंच वर्ष होतं. पुढच्या वर्षी कार्टरचे ६२ टक्क्यांहून जास्त पास पुरे झाले, लीगमध्ये सर्वांत अचूक.

आज सगळं जग त्याला वेस्ट कोस्ट ऑफेन्स म्हणतं, कारण नंतर वॉल्श सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि त्याच खेळाने त्याने आपल्यालाच दोनदा सुपर बोलमध्ये हरवलं. पण त्याचा जन्म ओहायो नदीच्या काठावरचा आहे. एका पोराच्या खांद्यातून जन्मलेला. आपल्या गावची वस्तू आपणच विसरलो, याचं मला मनापासून दुःख होतं.

आता दुसरी गोष्ट, ही मी डोळ्यांनी पाहिलेली. ८ जानेवारी २००६, प्लेऑफ, समोर पिट्सबर्ग. आपला क्वार्टरबॅक कार्सन पामरने पहिलाच पास फेकला, ६६ यार्ड, ख्रिस हेन्रीने झेलला. सगळं स्टेडियम उभं. मीही उभा, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारलेली. मग आवाज हळूहळू उतरला. मी मान वळवली तर पामर मागे, तिथेच, गुडघा धरून आडवा पडलेला. आम्ही सगळे चेंडूकडे बघत होतो. ज्याने तो फेकला त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ३१–१७ ने हरलो. त्या दिवसापासून पास सुटला की मी आधी क्वार्टरबॅक उभा आहे का ते बघतो, चेंडू नंतर.

म्हणून केंटकीकर, पास कमी करा असं मी म्हणत नाही. चेस आपला हिरा आहे. पण त्याच्याकडे चेंडू लवकर जाऊ द्या, आणि मधूनमधून पास न फेकता चेंडू घेऊन धावा. या वर्षी आपल्याला धावता येत नाही हे समोरच्या प्रत्येक संघाला माहीत आहे. पास येणार हे ठाऊक असलं की ते आगापिछा न बघता थेट क्वार्टरबॅकवर येतात. अशा वेळी सीवेल असता तरी पुरा पडला नसता.

– ब्लूॲशकर


मेसनकर
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

ग्रीन बे २७, आपण १८. पण फ्लॅको येऊन पाचच दिवस झाले होते आणि तरी दुसऱ्या अर्धात खेळ खेळासारखा दिसला. काका, तुमची मेल मुलीला वाचून दाखवली. तिने विचारलं, ग्रेग कुकचा पुतळा कुठे आहे. मला सांगता आलं नाही.


केंटकीकर
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५, पहाटे

झोप येत नाहीये म्हणून लिहितो. मी आत्ताच ओहायो नदीवरच्या रोबलिंग पुलावरून चालत घरी आलोय, घसा बसलाय, अर्धा पूल आपली "हू डे" घोषणा ओरडत होता.

३३–३१! पिट्सबर्गला हरवलं!

काका, मी आज तुमच्या सांगण्यावरून चेंडू सोडून फ्लॅकोकडे बघायचं ठरवलं होतं. पहिल्या क्वार्टरमध्ये जमलं नाही, सवय नाही. नंतर जमलं. स्नॅप (चेंडू त्याच्या हातात येणं), एक-दोन-तीन पावलं, आणि चेंडू गेलेला. समोरचे पोचायच्या आत गेलेला. चेसचे सोळा झेल, हा आपल्या संघाचा विक्रम आहे, आणि यार्ड १६१. म्हणजे झेलामागे जेमतेम दहा. गेल्या वर्षी हाच आकडा तेराच्या पुढे होता. आखूड, आखूड, आखूड. आणि आपला धावणारा चेस ब्राउन (हा वेगळा चेस) अकरा वेळा धावला आणि १०८ यार्ड काढले. या वर्षी पहिल्यांदा समोरच्यांना कळत नव्हतं की आता काय येणार. फ्लॅकोचे ३४२ यार्ड, तीन टचडाउन्स, चाळीस वर्षांच्या हाताने.

शेवटी शेवटी त्यांचा क्वार्टरबॅक रॉजर्सच्या पासवर ६८ यार्डांचा टचडाउन झाला, त्यांचे ३१, आपले ३० झाले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मग आपण चेंडू पुढे नेत गेलो, घाई न करता, आणि सात सेकंद उरले असताना आपला किकर मॅकफर्सनने ३६ यार्डांवरून गोलात मारला.

दादा, लाइनबद्दलचं तुमचं म्हणणं मी अर्धं मान्य करतो. काका, तुमचं पूर्ण. डिफेन्सबद्दल मात्र माझं मत तेच आहे. एकतीस गुण दिले आज, आणि शेवटचा टचडाउन तर मधून रस्ता मोकळा सोडून दिला.


वेस्टचेस्टरकर
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

अभिनंदन सगळ्यांचं! मुलगा आज शाळेत नारंगी शर्ट घालून गेला.

एक विनंती. आता तीन विजय, चार पराभव झाले की लोक लगेच म्हणतील, बरोला नोव्हेंबरातच आणा. हाडाला आणि पट्टीला आपला गुणतक्ता कळत नाही. तीन महिने म्हणजे डिसेंबरचा तिसरा आठवडा. त्याआधी तो आला तर डॉक्टरांनी तपासून, तो स्वतः पायावर जोर देऊ शकतोय म्हणून येऊ दे, आपल्याला प्लेऑफ हवाय म्हणून नको. ग्रेग कुकलाही वर्षभर खेळवलंच होतं.


मेसनकर
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

ताई, शंभर टक्के.

रविवारी २६ तारखेला घरच्या मैदानावर जेट्स, दुपारी एक वाजता. माझी गाडी सकाळी दहाला निघेल, वाटेत ब्लू ॲशला थांबेल. फराळाचे डबे मी घेतो, चकल्या कुणीतरी आणा. पाच जागांपैकी चार भरल्या. पाचवी काकांसाठी ठेवली आहे. काका, जिने चढायला लागणार नाहीत असं प्रवेशद्वार मी शोधून ठेवतो, तुम्ही फक्त हो म्हणा.