आईने सगळं वाटून टाकलं, लेकीने तिच्या नावावर राज्य मिळवलं. बरोबर केलं का?

सांजवात
जर्मनीतल्या मारबुर्गला दोन वर्षं शिकायला होते. जुनं गाव इतकं उभ्या चढावर आहे की वर जायला चक्क सार्वजनिक लिफ्ट आहे. बाजारचौकातल्या नगरभवनावर दर तासाला एक कोंबडा पंख फडफडवतो आणि झाडून सगळे पर्यटक माना वर करून त्यालाच बघतात. जिन्याच्या मनोऱ्याच्या दारावर १५२४ सालचं शिल्प आहे, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यात संत एलिझाबेथ हेसचं, म्हणजे मारबुर्ग ज्यात येतं त्या प्रांताचं, राजचिन्ह धरून उभी आहे. होतं नव्हतं ते गरिबांना देऊन टाकणारी बाई, आणि तिच्या हातात राजघराण्याची ढाल! याची सुरुवात तिच्या मुलीने, सोफीने केली असं माझं मत.

थोडक्यात सांगते. सोफी १२२४ मध्ये थुरिंगियात जन्मली. ती तीन वर्षांची असताना वडील लुडविग, थुरिंगिया आणि हेसचे लांडग्राफ (म्हणजे तिथले राजे), क्रुसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धाच्या, वाटेवर इटलीत ओत्रांतोला वारले. आईने मुलांना दूर ठेवलं, मारबुर्गला इस्पितळ काढलं आणि रोग्यांची सेवा करता करता १२३१ मध्ये चोविसाव्या वर्षी गेली. चार वर्षांत पोपने तिला संत ठरवलं. सोफीला ब्राबांटच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) ड्यूकला दिली, दुसरेपणावर. १२४७ मध्ये वडिलांच्या गादीवर असलेला काका हाइनरिश रास्पे निपुत्रिक वारला, पुढच्या वर्षी नवराही गेला. ब्राबांटची गादी सावत्र मुलाला मिळाली. तेविशीतल्या या विधवेने आपल्या लहानग्या हाइनरिशला मारबुर्गला आणून लांडग्राफ जाहीर करवलं, त्याच्या वतीने कारभार हातात घेतला आणि सनदांमध्ये स्वतःला ‘एलिझाबेथची कन्या’ म्हणवून घेऊ लागली. १२६४ पर्यंत झगडा चालला. थुरिंगिया गेला, हेस राहिला. मी याला मुत्सद्दीपणा म्हणते.

बखरखोर
मुत्सद्दीपणा कसला, सरळसरळ भाऊबंदकी आहे. सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२४३ मध्येच, म्हणजे रास्पे हयात असताना, शेजारच्या मायसेनच्या हाइनरिशला (हा तिसरा हाइनरिश, रास्पेचा भाचा) थुरिंगियाचा वारसा लिहून दिला होता. कागद त्याच्याकडे, हिच्याकडे काय तर आईची पुण्याई आणि कडेवरचं पोर. त्यापायी इतकी वर्षं लढाया. माइन्झच्या आर्चबिशपने हिला बहिष्कृत केलं, मुलखातले धर्मविधी बंद पाडले. संताच्या लेकीच्या राज्यात चर्चला कुलूप! याची झळ कुणाला बसली असेल? सोफीला नक्कीच नाही.

सांजवात
कागदाचंच म्हणत असाल तर तो नीट वाचा. त्यात थुरिंगिया आहे आणि सॅक्सनीची पॅलाटिन जहागीर आहे. हेसमधल्या बऱ्याच जमिनी माइन्झच्या चर्चकडून जहागीर म्हणून मिळालेल्या, घराणं खुंटलं म्हणून आर्चबिशपला त्या परत हव्या होत्या. बहिष्कार पडला तो जमिनीपायी. १२६३ मध्ये लांग्सडॉर्फला तह होऊन चांदी मोजायचं ठरलं तेव्हा भांडण मिटलं. आणि मायसेनवाल्याचा हक्क तरी कुठून आला? आईकडूनच ना! त्याची आई युटा ही लुडविगची सावत्र बहीण. ही तर थोरल्या भावाची सख्खी मुलगी. मग बाईच्या बाजूने आलेला हक्क त्याला चालतो, हिला का चालू नये?

कोरांटी
सांजवातशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. एलिझाबेथच्या त्यागाची किंमत मुलांनी मोजली. धाकटी गेरट्रूड बापाच्या माघारी जन्मली, तिला तान्हेपणीच आल्टेनबेर्गच्या मठात दिलं. पुढे ती तिथलीच मठाध्यक्षा झाली. सोफीच्या वाट्याला आईकडून फक्त नाव आलं. तेही वापरायचं नाही?

बखरखोर
कोरांटीताई, हे आजच्या मनाने वाचणं झालं. सोफीला काय वाटत होतं याचा एक चिटोरा तरी आहे का?

घाटपांडू
मला यात जावयाची कीव येते. सोफीने १२५४ मध्ये मुलगी ब्राउनश्वाइगच्या आल्ब्रेख्टला दिली, आणि तो सासूच्या बाजूने लढायला उतरला. १२६३ मध्ये बेझेनश्टेटच्या लढाईत मायसेनवाल्यांच्या हाती सापडला. सुटायला आठ हजार मार्क चांदी आणि वेरा नदीकाठची एश्वेगे, विट्झेनहाउझेनसारखी गावं द्यावी लागली. ती गावं शेवटी गेली कुणाला? हेसला! म्हणजे मेहुण्याला. जावयाने कैद भोगायची आणि मुलुख वाढायचा सासूचा.
(अवांतर: याच हेस घराण्याची एक फांदी बाटेनबेर्ग, तिचंच पुढे इंग्लंडात माउंटबॅटन झालं. आपल्याकडचा शेवटचा व्हाइसरॉय त्यातलाच.)

बखरखोर
घराणं निघालंच आहे तर फिलिपचंही सांगून टाकतो. सोफीचाच वंशज, मारबुर्गला विद्यापीठ काढणारा. प्रॉटेस्टंट झाल्यावर १५३९ मध्ये याने यात्रा बंद पाडायला एलिझाबेथची हाडं चर्चमधून हलवली. ज्या पुण्याईवर गादी मिळाली ती गरज संपल्यावर बाहेर. वापर म्हणतात तो हाच.

सांजवात
तीनशे वर्षांनंतरच्या पणतवंडाच्या पणतवंडाचं पाप सोफीच्या माथी कसं मारता? तिने आईचं नाव मिरवलं, लपवलं नाही.

कोरांटी
थुरिंगियातल्या आयसेनाख गावात सांगतात ती गोष्ट तुमच्यापैकी कुणी ऐकली आहे का? गावाने वेस बंद करून घेतली तेव्हा सोफीने स्वतः कुऱ्हाड घेऊन दारावर घाव घातले, आणि त्या खुणा पुढे कितीतरी वर्षं लोक दाखवायचे. दंतकथाच असेल. पण वार्टबुर्गचा किल्ला त्याच गावाच्या डोक्यावर आहे, जिथे ही जन्मली. म्हणजे घाव घातले ते माहेरच्याच वेशीवर.

बखरखोर
गोष्ट झकास आहे. पण आयसेनाख शेवटी तिच्याकडे राहिलं नाही ते नाहीच. आणि कुऱ्हाडीचा उल्लेख सनदेत दाखवा, मग बोलू.